रखमाचं लग्न

यमुना,

तुझ्या भावाने गेल्या रविवारी तुझ्या वह्या माझ्याकडे आणून दिल्या. साखरेच्या रिकाम्या गोणीत भरलेल्या, वरून काथ्याने बांधलेल्या. दारातच उभा राहून म्हणाला, "शांताबाय, ह्या तुमीच ठेवा. आमच्या घरात मराठी बोलायला सगळ्यांना येतं, वाचायला कोणाला नाय. टाकून देणार होतो, पण हात धजला नाय." गोणी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि चहासुद्धा न घेता गेला.

तुला जाऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते. आदल्या दिवशी देवळात तुझ्यासाठी सभा झाली होती. मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तुला भाषेची सेविका म्हटलं. गुरुजी म्हणाले, तू सामाजिक कादंबऱ्या लिहिल्यास. तू प्रेमाच्या गोष्टी लिहिल्यास, असं त्या सभेत एकही माणूस बोललं नाही. फक्त मागे बायकांत बसलेली ग्रां बुआ गावची एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "मग चवथ्या घरात काय झालं ता आता आमाला कसं कळायचं?" मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तू असतीस तर उठून तिच्याजवळ जाऊन बसली असतीस.

मला त्या सभेत बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. जे बोलायचं ते फक्त तुझ्याशी आहे, आणि ते तू असताना बोलायला हवं होतं.

आठवतंय ना, हे सगळं कसं सुरू झालं? तू तेर रूजच्या शाळेत मराठी शिकवायला लागलीस, मी लग्न होऊन त्याच गावात आले. ग्रां बुआच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या आपण दोघी, पुन्हा शेजारी. मी पोर लुईच्या सरकारी कचेरीत कामाला जायचे. संध्याकाळी बसमधून उतरले की तू रस्त्याच्या कडेला उभी, हातात कागद. "शांते, तुझं अक्षर चांगलं आहे. मला एक गोष्ट स्टेन्सिलवर लिहून देशील?" मी विचारलं, कसली गोष्ट? तू खाली बघत म्हणालीस, "प्रेमाची." तेव्हा तू बत्तीस वर्षांची होतीस. बाप गेल्यावर भावंडं वाढवता वाढवता तुझं लग्नाचं वय निघून गेलं होतं, आणि गावातल्या बायका पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिल्या, हिला प्रेमातलं काय कळतं?

तुझ्या गोष्टीत माळावरची चार घरं. एका पुस्तकात एक घर. ज्या घराचं पुस्तक, त्या घरातलं प्रेम. बाकीच्या घरांतली माणसं त्यात येऊन जायची, मीठ मागायला, भांडायला, लग्नात वाढायला. मंडळाच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर आपण प्रती काढायचो, बोटं काळी व्हायची, आणि त्या प्रती बसच्या टपावरच्या सामानातून बेटाच्या दक्षिण टोकाला साव्हानपर्यंत जायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना कुणीतरी वाचून दाखवायचं.

तुझी काम करायची रीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. एका माणसाला एक वही. पहिल्या पानावर, तो कुठल्या पुस्तकात काय बोलला. मग, त्याला काय ठाऊक आहे आणि ते कधी कळलं. "एकदा कळलेलं त्याला विसरता येत नाही," तू म्हणायचीस, "आणि मी विसरले तर वाचणारे मला सोडणार नाहीत." चुका धरायचं काम माझं. पहिल्या घरात हरी गाडीवानाचा उजवा हात मोडलेला, मग तिसऱ्या घरात तो उजव्या हाताने बैल कसा आवरतो? मी असं काही धरलं की तू लहान मुलीसारखी खूश व्हायचीस. मग वहीत लिहायचीस, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचीस की हरी हल्ली डावखुरा झाला आहे, आणि त्याला त्याची लाज वाटते. चुकीतून माणूस वाढवायचीस तू.

रखमा पहिल्या पुस्तकात चार ओळींची होती. पहिल्या घरातली मुलगी सासरी निघते, सगळ्या बायका रडतात आणि शेजारची रखमा एकदम मोठ्याने हसते. एवढंच. मी विचारलं, का हसली? तू म्हणालीस, "पा कोने. मलाच ठाऊक नाही अजून." दोन वर्षं तू ते शोधत होतीस. दुसऱ्या पुस्तकात त्याचं उत्तर आलं. रखमाचं स्वतःचं लग्न ठरल्याचं तिला त्याच सकाळी कळलं होतं. रडायला लागले तर थांबता येणार नाही, या भीतीने ती हसली होती.

ते हसणं माझ्या अक्काचं होतं. आमच्या चुलत बहिणीच्या लग्नात सुभद्राअक्का तशी हसली होती आणि तिने चापट खाल्ली होती. तू तेव्हा तिथे होतीस, दहा वर्षांची. अक्काने ते पान बोट ठेवून ठेवून वाचलं, तुला ठाऊकच आहे ती कशी वाचायची, आणि मला म्हणाली, "यमुनाने बघितलं होतं गो. मला वाटायचं, कोणीच बघितलं नाय."

त्याच पुस्तकात तू रखमाला विधवा केलंस. अक्काचा नवरा हिवतापाने गेला, रखमाचा कारखान्याच्या चाकात. हरीने त्याचं प्रेत बैलगाडीतून घरी आणलं. ते प्रकरण स्टेन्सिलवर लिहिताना माझे डोळे भरून आले आणि टोकदार लेखणीने मेणकागद फाटला. पुस्तक संपलं त्या संध्याकाळी तू मला सांगितलंस, "तिसऱ्या घरात रखमाचं लग्न. हरीशी."

"हरीशी कसं होईल? त्यानेच प्रेत आणलं."

"म्हणूनच. त्या दिवशी ती अंगणात कशी उभी होती ते त्याला ठाऊक आहे. बाकी सगळे तिच्या बांगड्यांकडे बघत होते."

 मला ते फार आवडलं होतं, यमुना. हे तुला कळायला हवं. तेव्हा मला ते खरंच आवडलं होतं.

मग साठचं वादळ आलं. तुमच्या घराचे पत्रे उडाले, दोन पुस्तकांची स्टेन्सिलं चिखलात गेली. वह्या तू पोटाशी बांधून शाळेच्या इमारतीत रात्र काढलीस. सहा महिने कुणी गोष्टीचं नाव काढलं नाही. नंतर अक्का, तू आणि मी, आपण तिघी एका रविवारी दक्षिण किनाऱ्यावर सूयाकला गेलो. तिथे लाटा अडवणारी पाण्यातली खडकाची भिंत नाही, समुद्र थेट काळ्या दगडांवर येऊन आदळतो. तुझ्या नात्यातला रघुनाथ तिथल्या टपाल कचेरीत होता, बायको जाऊन तीन वर्षं झालेला. त्याने उकडलेल्या शेंगा आणल्या. अक्का आणि तो फिलावच्या झाडांखाली बसून बोलत राहिली. लाटांच्या आवाजात आपल्याला काही ऐकू येत नव्हतं. तू मला कोपराने ढोसलंस. परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिच्या मांडीवर शेंगांची टरफलं तशीच होती.

चार-पाच रविवारांनंतर रघुनाथने तिला विचारलं. तिने मला सांगितलं, तुलाही सांगितलं. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, "थांब म्हटलं. रखमा काय करते ता बघू आधी." आणि हसली. मला ती थट्टा वाटली. तुला नाही वाटली. तू त्या आठवड्यात तिसऱ्या घराची शेवटची दोन प्रकरणं लिहून काढलीस. रखमा हरीला हो म्हणते. सतराव्या प्रकरणात दोघं नोंदणीच्या कचेरीत जातात. वाटेत तिची चप्पल तुटते आणि ती अनवाणी सही करते.

आता ते सांगते, जे तुला ठाऊक होतं आणि मी कधी कबूल केलं नाही.

त्या दिवशी कचेरीतून लवकर निघून, शाळा सुटल्यावर मी तुझ्याकडे आले. वर्गात तू एकटीच होतीस, फळा पुसत होतीस. मी म्हटलं, हा शेवट छापू नको. आमचे हे संतापले आहेत. मंडळातले लोक वर्ग बंद करतील, यंत्र देणार नाहीत, तुझी नोकरी जाईल. विधवेचं लग्न, तेही गाडीवानाशी, लोक म्हणतील या बायका पोरींना काय शिकवतात.

तू फळा पुसायची थांबली नाहीस. "रखमा हो म्हणते हे मी ठरवलेलं नाही, शांते. दोन पुस्तकं तिच्याबरोबर राहिले. ती आता नाही म्हणू शकत नाही. म्हणाली तर ती रखमा नाही, दुसरीच कुणी."

"मग दुसरीच कर."

तू वळलीस. तुझ्या हातावर, पदरावर खडूची धूळ होती. "तुला काय हवं आहे? लोकांचं सोड. तुला काय हवं आहे, ते सांग."

मी म्हटलं, "लोकांचा विचार करावा लागतो."

आमच्या ह्यांनी ते पान वाचलंसुद्धा नव्हतं, यमुना. मंडळात कुणाला काही ठाऊक नव्हतं. माझी मीना चार वर्षांची होती, धाकटी दोन. मी सकाळी सहाच्या बसने जायचे ती संध्याकाळी यायचे. पोरींना न्हाऊमाखू घालणं, भरवणं, रांधणं, सगळं नवरा गेल्यापासून आमच्याकडे राहणारी अक्का करायची. अक्का सूयाकला गेली असती तर मला नोकरी सोडावी लागली असती. एवढंच होतं. त्याला मी समाज म्हटलं, भाषा म्हटलं, तुझी काळजी म्हटलं.

तू फळा पुसायचं फडकं खुंटीला अडकवलंस. मग म्हणालीस, "दोन दिवस दे."

तू का ऐकलंस? सहा वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारते आहे. तू अध्यक्षांना भीत नव्हतीस, गुरुजींना तोंडावर उत्तरं द्यायचीस. मला वाटतं, तुझ्याजवळ माझ्याशिवाय कुणी नव्हतं. संध्याकाळी बसच्या थांब्यावर उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं.

नव्या शेवटात हरी दुसऱ्या मळ्यावर निघून जातो आणि रखमा सासूच्या पाट्यावर मसाला वाटत राहते. तीन पुस्तकांत तू कधी नियती हा शब्द लिहिला नव्हतास. त्या एका प्रकरणात तो तीनदा होता. मी तो माझ्या चांगल्या अक्षरात स्टेन्सिलवर उतरवला. देवळात त्याचं जाहीर कौतुक झालं. रखमाला त्यागाची मूर्ती म्हणाले. तू खुर्चीत बसून ते ऐकत होतीस. 

अक्काने पुस्तक दोन दिवसांत वाचलं. मी कामावरून आले तर ती धाकटीला भात भरवत होती. म्हणाली, "रघुनाथला निरोप दे. नाय म्हणून सांग."

"अक्का, ती गोष्ट आहे."

"व्हय. गोष्टच ना. गोष्टीत सुद्धा होत नाय, तर माझं काय होणार?" मग घास मळता मळता म्हणाली, "यमुना पण तसलीच. लिहिताना मोठी, शेवटाला भितरी. तिने मला उगाच आशा लावली."

मी तेव्हा बोलले असते तर वेळ गेली नव्हती. मी हातपाय धुवायला मोरीत गेले.

रघुनाथने वर्षाच्या आत दुसरीकडे लग्न केलं. त्याला आता दोन मुलं आहेत. आणि अक्का तुझ्याशी बोलायची बंद झाली. तू दारात आलीस की ती मागच्या अंगणात जायची. तू विचारायचीस, "सुभद्राअक्का बरी आहे ना?" मी म्हणायचे, बरी आहे. सणाला तू तिच्यासाठी काही करून आणायचीस, ती पोरींना वाटून टाकायची. सहा वर्षं! तू एकच वाक्य बोलली असतीस तर पुरलं असतं: शेवट मी नाही बदलला, शांताने बदलायला लावला. तू ते बोलली नाहीस. आणि तू चौथं घरही लिहिलं नाहीस. लोक विचारायचे तेव्हा म्हणायचीस, माणसं बोलत नाहीत माझ्याशी हल्ली. त्यांना वाटायचं तू पुस्तकातल्या माणसांबद्दल बोलते आहेस.

तुझ्या छातीतली गाठ तू वर्षभर कुणाला दाखवली नाहीस. लोपितालात डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, आता काही करता येणार नाही. मी दर गुरुवारी यायचे. तुझे हात इतके बारीक झाले होते की तुझ्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मी काय बोलायचे? ऊसतोडणी सुरू झाली, मीनाला फ्रेंचमध्ये चांगले गुण मिळाले, पाऊस फार आहे. शेवटच्या गुरुवारी तू विचारलंस, "अक्का येईल का?"

मी म्हटलं, "येते म्हणाली. पाय दुखतो तिचा, जरा बरा झाला की येईल."

तू डोळे मिटलेस. "तुला अजून खोटं बोलायला येत नाही, शांते." आणि माझा हात धरून ठेवलास. रागाने धरला असतास तर मी सांगून टाकलं असतं. पण तू तो मायेने धरलास आणि मी पुन्हा पावसाचंच बोलत राहिले. सोमवारी तू गेलीस. तुला घरून नेलं तेव्हा अंगणात गावातल्या सगळ्या बायका होत्या. अक्का नव्हती. तिने त्या दिवशी घरातले सगळे पडदे काढून धुतले.

गोणी मी बुधवारी उघडली. हरीची वही, रखमाची वही, म्हाताऱ्या सासूची वही. आणि गोदीची. रखमाची धाकटी बहीण गोदी तिन्ही पुस्तकांत आहे, फार लहान कामं आहेत तिला. पहिल्यात ती बहिणीच्या बांगड्या घालून बघते. दुसऱ्यात, रखमाचा नवरा गेला त्या दिवशी, ती रडता रडता विचारते, आता वासराला चारा कोण घालणार? तिसऱ्यात ती नुसती दाराशी उभी असते. या सगळ्या ओळी मी माझ्या हाताने स्टेन्सिलवर लिहिल्या आणि गोदी कोण आहे हे मला एकदाही दिसलं नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर तू लिहिलं आहेस: "गोदी वाईट नाही. जवळचं माणूस हातचं जाईल या भीतीने ती आजवर सगळं करत आली. चौथं घर तिचं. त्यात ती रखमाला खरं सांगेल. मी घाई करणार नाही, आपणहून सांगू दे." खाली शाई बदलली आहे. लोपितालात लिहिलं असशील, अक्षर वाकडं आहे: "अजून नाही."

मी अक्काला हाक मारली. ती स्वयंपाकघरात भाजीसाठी ब्रेदची पानं खुडत होती. मी समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. रखमाने अनवाणी सही केली होती तेसुद्धा. फळा, खडू, दोन दिवस, सगळं. पोरींसाठी म्हणून केलं हेही सांगितलं. 

तिचे हात थांबले नाहीत. शेवटची जुडी खुडून झाली तेव्हा तिने विचारलं, "यमुनाला ठाऊक होतं, मी का बोलत नव्हते ता?"

"हो."

"आणि तिने नाय सांगितलं."

"नाही."

"सहा वर्षं मी तिला बघून तोंड फिरवलं," अक्का म्हणाली. "ती मरताना पण मी नाय गेले." तिने मला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. उठली, पानं धुतली, फोडणीला टाकली, सगळ्यांना वाढलं. स्वतः जेवली नाही. भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "तुझ्या पोरी मी काय ओझं म्हणून वाढवल्या नाय गो. मला विचारलं असतंस तर मी दोन वर्षं थांबले असते. रघुनाथ पण थांबला असता."

मला हे कधी सुचलंच नव्हतं, यमुना. विचारायचं.

काल सकाळी तिने कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि ग्रां बुआला थोरल्या भावाकडे जाते म्हणाली. आमच्या ह्यांनी विचारलं, परत कधी? तिने गाठोड्याची गाठ आणखी आवळली. जाण्याआधी तिने माझ्याकडे तुझी रखमाची वही मागितली. मी दिली. बस आली तेव्हा तिने दोन्ही पोरींना जवळ घेतलं आणि घराची किल्ली कमरेची सोडून मीनाच्या हातात ठेवली. मी शेजारीच उभी होते.

आज मी कामावर गेले नाही. सकाळी पोरींच्या वेण्या मीच घातल्या. धाकटीला मावशीच्या हाताची सवय. दुखतं म्हणून ती रडायला लागली. मी केस सोडले आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतले.